जर्मनीत जर्मन सगळ्यांनाच येतं

जर्मन भाषेच्या बी-टू पातळीच्या परीक्षेचा निकाल लागला की आठवड्याभरात हा प्रश्न येतो. दाराशी दोघी-तिघी उभ्या असतात, त्यातल्या एकीला बाकीच्यांनी पुढे ढकललेलं असतं. "मॅडम, जर्मनीत इंटर्नशिप कशी मिळते?" मी विचारते, "कशात?" मग शांतता. शेवटी मागून कुणीतरी हळूच म्हणतं, "जर्मनमध्ये."

या उत्तराचा दोष त्या मुलींकडे कमी आणि आम्हा शिकवणाऱ्यांकडे जास्त जातो. पहिल्या दिवसापासून आम्ही त्यांच्यासमोर एक शिडी धरतो. ए-वन, ए-टू, बी-वन, असं करत सी-टूपर्यंत. युरोप परिषदेने २००१ साली ही सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली, तेव्हा तिचा उद्देश साधा होता: कुणाला भाषा किती येते हे सगळ्या देशांत एकाच मापाने सांगता यावं. आम्ही त्या मापाचं ध्येय करून टाकलं. विद्यार्थ्याला वाटतं, वरच्या पायरीवर एक दार असणार आणि त्यावर 'नोकरी' अशी पाटी असणार. प्रमाणपत्र फक्त एवढंच सांगतं की हा माणूस जर्मनमध्ये बोलू शकतो. कशाबद्दल बोलू शकतो, हे त्यावर लिहायला जागाच नसते.

जर्मनीची लोकसंख्या आठ कोटींच्या वर आहे आणि त्यातल्या बहुतेकांना जर्मन बसल्याजागी येतं. फ्रँकफर्टच्या एखाद्या प्रकाशकाला मदतनीस हवा असेल, तर त्याच शहरातल्या विद्यापीठात जर्मन साहित्य शिकणारी मुलं त्याला हवी तेवढी मिळतात. त्यांना व्हिसा लागत नाही, राहायला खोली शोधून द्यावी लागत नाही. मग त्याने परदेशातून कुणाला का घ्यावं? आपली सी-वनची जर्मन त्यांच्या जन्माच्या जर्मनशी स्पर्धेला उतरवली, तर ती स्पर्धा सुरू होण्याआधीच हरलेली असते. त्या प्रकाशकाकडे जे नाही ते आपल्याकडे काय आहे, इथून सुरुवात करायला हवी. आपली भाषा आहे, आपल्या भागातल्या वाचकाची जाण आहे, आणि कदाचित हिशेब, कायदा, औषधशास्त्र, संगणक यांपैकी काहीतरी आहे. जर्मन त्याला जोडली की तिला भाव येतो. एकटीला येत नाही.

ही जोडणी वर्गात होत नाही, कामाच्या जागी होते. म्हणून माझं म्हणणं असं की जर्मनच्या प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची करावी. 'ऐच्छिक' किंवा 'प्रोत्साहनपर' नको, सक्तीचीच. हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण जर्मनीचे कायदेच या शब्दाभोवती फिरतात.

आधी व्हिसाचं पाहू. युरोपीय संघाबाहेरचा विद्यार्थी आपल्याच विद्यापीठात शिकत असताना जर्मनीत इंटर्नशिप करू शकतो, जास्तीत जास्त एक वर्ष. त्यासाठी तिथल्या परकीयांच्या रोजगाराच्या नियमावलीत अटी आहेत: चार सत्रं पूर्ण झालेली हवीत, काम अभ्यासाच्या विषयाशी संबंधित हवं आणि जर्मनीच्या केंद्रीय रोजगार यंत्रणेची संमती हवी. यातली मधली अट यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला जाणवतही नाही. गिअरबॉक्स बनवणारी कंपनी आणि त्याचा अभ्यासक्रम यांचं नातं शेंबडं पोरही सांगेल. पण जर्मन शिकणाऱ्या मुलीच्या 'विषयाशी संबंधित' काय? हॉटेलच्या स्वागतकक्षात दिवसभर जर्मन बोलायला मिळतं, म्हणून ते संबंधित ठरतं का? टेबलामागच्या अधिकाऱ्याला तसं वाटण्याचं काही कारण नाही. प्रकाशनसंस्था, भाषांतर कंपनी, वस्तुसंग्रहालय, नाट्यगृह, भाषाशाळा, मारबाखसारखं साहित्याचं अभिलेखागार, एखाद्या कंपनीचा तांत्रिक दस्तऐवज विभाग, या जागांचं नातं सांगता येतं. मात्र ते कागदावर सिद्ध करावं लागतं, आणि सगळ्यात भक्कम कागद म्हणजे खुद्द अभ्यासक्रम. अभ्यासक्रमात 'सहाव्या सत्रात बारा आठवड्यांची इंटर्नशिप, अमुक प्रकारच्या संस्थेत' असं छापलेलं असेल तर अर्धा वाद तिथेच मिटतो. नसेल तर विभागप्रमुखांकडून पत्र, त्यावर शिक्का, त्याचं भाषांतर, अशी धावाधाव सुरू होते.

दुसरा कायदा पैशाचा, आणि खरं घोडं इथे पेंड खातं. जर्मनीत किमान वेतनाचा कायदा १ जानेवारी २०१५ पासून लागू झाला. तेव्हा दर तासाला ८.५० युरो होता, १ जानेवारी २०२६ पासून तो १३.९० युरो आहे. या कायद्यातून काही इंटर्नशिपना सूट आहे. अभ्यासक्रमाने सक्तीची केलेली असेल तर किमान वेतन द्यावं लागत नाही. स्वेच्छेने केलेली, पण तीन महिन्यांपर्यंतची असेल तरीही बहुधा नाही. स्वेच्छेची इंटर्नशिप तीन महिन्यांच्या पुढे ठरली, तर पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावं लागतं. आता मालकाच्या खुर्चीत बसून पाहा. आठवड्याला चाळीस तास धरले तर चार महिन्यांची स्वेच्छेची इंटर्न महिन्याला साधारण २,४०० युरोंना पडते. सक्तीच्या इंटर्नला त्याने चारशे दिले किंवा काहीच दिलं नाही तरी कायदा मोडत नाही. अर्ज उघडताच तो पहिला प्रश्न विचारतो तो तुमच्या गुणांचा नसतो. "ही इंटर्नशिप सक्तीची आहे का, तसं विद्यापीठाचं पत्र आहे का?" हा असतो. ज्यांच्या अभ्यासक्रमात ती सक्तीची नाही, त्यांचे कित्येक अर्ज याच प्रश्नावर गळतात, आणि मुलींना वाटत राहतं की आपली जर्मन कमी पडली.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. सक्तीची करणं म्हणजे आपल्याच हाताने मुलांना फुकट राबायला पाठवणं, असं माझ्या एका सहकाऱ्यांचं मत. वर तिकडे राहायचा खर्च. तो किती, याचा जर्मन सरकारचाच एक हिशेब आहे: विद्यार्थी व्हिसा हवा असेल तर सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. त्या मापाने तीन महिन्यांची बिनपगारी इंटर्नशिप घरच्यांना विमानभाडं सोडून तीन हजार युरोंना पडते. ज्यांच्याकडे आहेत ती मुलं जातील, ज्यांच्याकडे नाहीत ती दाराशी उभी राहतील. आजही नेमकं हेच चाललंय, फक्त आपण त्याला 'ऐच्छिक' म्हणतो म्हणून ते दिसत नाही. इंटर्नशिप सक्तीची झाली की विभागाला हात झटकता येत नाहीत. ज्या गोष्टीवाचून पदवी मिळत नाही ती मिळवून देणं ही संस्थेचीही जबाबदारी होते. मग जर्मन विद्यापीठांशी करार करावे लागतात, माजी विद्यार्थ्यांना पत्रं लिहावी लागतात, निधी शोधावा लागतो. युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या योजनेत युरोपबाहेरच्या भागीदार विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना कामाच्या अनुभवासाठीही पैसे मिळू शकतात, पण त्याचा अर्ज युरोपातल्या विद्यापीठाने करायचा असतो. म्हणजे आधी ओळख, मग करार, मग पैसा. एकटी विद्यार्थिनी हे करू शकत नाही. ज्या जर्मन विभागांनी ते केलंय ते कौतुकाला पात्र आहेत, पण असे किती?

आणखी एक पाचर मारून ठेवते. इंटर्नशिप सक्तीची असावी, परदेशवारी सक्तीची नसावी. आपल्याच देशातल्या एखाद्या जर्मन कंपनीच्या खरेदी विभागात तीन महिने बसून पुरवठादार आणि मुख्यालय यांच्यातल्या पत्रव्यवहाराचा गुंता सोडवणारी मुलगी, बर्लिनच्या कुठल्याशा नवउद्योगात कॉफी आणि समाजमाध्यमं सांभाळणाऱ्या मुलापेक्षा जास्त जर्मन शिकते. छायाचित्रं मात्र त्याची चांगली येतात.

परदेशाची ओढ अशी की मुलं मागच्या दारांनीही जातात. 'ओ पेअर' हे त्यातलं सगळ्यात रुंद दार. सत्तावीस वर्षांच्या आत वय, ए-वनपुरती भाषा, जास्तीत जास्त एक वर्ष, एका कुटुंबात राहून मुलं सांभाळायची. आठवड्याला तीस तासांपर्यंत काम, राहणं-जेवण त्यांचं आणि हातखर्चाला महिन्याला २८० युरो. मी याला नावं ठेवणार नाही. चार वर्षांच्या जर्मन मुलाशी बूट घालण्यावरून रोज भांडून भाषा जशी जिभेवर बसते तशी आमच्या कुठल्याही प्रयोगशाळेत बसत नाही. स्वयंसेवेच्या वर्षाचंही तसंच, वृद्धाश्रमात वर्षभर काढलेल्या मुलांचे कान तयार होतात, बोलीसुद्धा कळायला लागते. पण ही इंटर्नशिप आहे असं स्वतःला सांगू नये. कायदाही तसं मानत नाही आणि पुढच्या मुलाखतीतही ती तशी मोजली जात नाही. बी-टू झालेल्या मुलीने 'निदान तिकडे पोहोचता तरी येईल' म्हणून हे दार धरलं, तर एक वर्ष हातचं जातं.

'तिकडे पोहोचणं' या वेडाला २०२४ च्या जूनपासून एक नवं कार्डही मिळालंय, शान्सेनकार्टे. नोकरी शोधण्यासाठी जर्मनीत एक वर्ष राहू देणारं हे कार्ड गुणांवर मिळतं, किमान सहा गुण लागतात. गंमत बघा: बी-टू जर्मनचे तीन, पस्तिशीच्या आतल्या वयाचे दोन, सी-वन इंग्रजीचा एक. झाले सहा. मान्यताप्राप्त पदवी आणि खर्चाची सोय दाखवली की जर्मनची पदवीधर मुलगी अगदी काठावर बसते. त्यामुळे सल्लागारांच्या जाहिरातींना ऊत आलाय. त्या वर्षात आठवड्याला वीस तास काम करता येतं, पण कार्ड नोकरी शोधायचं आहे, नोकरीचं नाही. त्या बारा महिन्यांत पुन्हा तोच प्रश्न विचारला जाणार, "कशात?" दुसरीकडे युरोपीय संघाचं ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा कामाचा परवाना, घेऊन जाणाऱ्या संगणक अभियंत्याला जर्मनचा एक शब्दही यावा अशी कायद्याची अट नाही. भाषेच्या शिक्षिकेला हे वाचून वाईट वाटतं, पण त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

मग जर्मनवाल्यांनी पोट कशावर भरायचं? भाषांतर हे आमचं पहिलं उत्तर असायचं. २०१७ मध्ये कोलोनच्या एका कंपनीने डीपएल हे भाषांतर करणारं यंत्र बाजारात आणलं आणि माझ्या त्या वर्षीच्या भाषांतराच्या वर्गात गृहपाठ अचानक सुबक यायला लागले. मला दोन आठवडे वाटत होतं की आपण फार छान शिकवतोय. साधी पत्रं, माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका यांतला पैसा तेव्हापासून आटत गेलाय आणि तो परत येईल असं मला वाटत नाही. टिकलंय ते जबाबदारीचं काम, जिथे चुकलं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं: न्यायालय, रुग्णालय, पेटंट, करार. तिथे यंत्राने केलेलं तपासणारा माणूस लागतो, आणि त्याला विषय कळावा लागतो. नुसती भाषा कळणारा माणूस यंत्राची चूक वाचून पुढे जातो, कारण वाक्य व्याकरणात बसलेलं असतं. दुभाषाचं काम वेगळं, ते अजून माणसाचंच आहे, पण त्याचं शिक्षण स्वतंत्र घ्यावं लागतं. माइन्त्स विद्यापीठाचा गेर्मर्सहाइमचा विभाग, हायडेलबर्ग, लायप्त्सिग ही त्याची नावाजलेली ठिकाणं. दोन्ही भाषा येतात म्हणून कुणी दुभाषी होत नाही, जसं दोन्ही हात आहेत म्हणून कुणी तबलजी होत नाही.

अध्यापनाला आज जेवढी मागणी आहे तेवढी मी आयुष्यात पाहिली नव्हती. जर्मनीला परिचारिका हव्यात आणि परिचारिकेला साधारण बी-टू लागतं. डॉक्टरला त्यावर सी-वन दर्जाची वैद्यकीय जर्मन लागते. व्यवसायशिक्षणाला, म्हणजे आउसबिल्डुंगला, जाणाऱ्या मुलांना बहुधा बी-वन. नवऱ्याकडे जाणाऱ्या बायकोलाही २००७ पासून, काही अपवाद सोडले तर, ए-वन दाखवावं लागतं. हे सगळं शिकवणार कोण? जर्मनचे पदवीधर. पण आमच्या किती पदवीधरांना जखमेची पट्टी बदलतानाचा संवाद जर्मनमध्ये शिकवता येतो? एखाद्या जर्मन रुग्णालयात किंवा परिचर्या विद्यालयात आठ आठवडे शिक्षकांबरोबर बसून पाहणं, ही माझ्या मते आज जर्मनच्या विद्यार्थ्याने करण्यासारखी सगळ्यात फायद्याची इंटर्नशिप आहे. तिच्यात चकाकी नाही, म्हणून ती कुणी मागत नाही.

कंपन्यांच्या सेवा केंद्रांबद्दल थोडक्यात. क्राकाव, बुडापेस्ट, सोफिया, लिस्बन, अशा शहरांत जर्मन ग्राहकांचे फोन आणि बिलं हाताळणारी मोठमोठी कार्यालयं आहेत, तशी ती इतर खंडांतही आहेत. जर्मनसाठी तिथे इतरांपेक्षा जास्त पगार मिळतो, सुरुवात चांगली होते. तिसऱ्या वर्षी मात्र बघावं की आपण हिशेब शिकलो की फक्त फोन उचलायला. (मराठी माणसाला फोनवरच्या जर्मन आकड्यांची भीती नसावी, हे जाता जाता. 'एक आणि वीस' असं उलटं बोलतात म्हणून जगभरचे विद्यार्थी रडतात. आपण लहानपणापासून एकवीस, बत्तीस, त्रेचाळीस असंच बोलतो, आधी एकक मग दशक.)

आता माझ्या त्या सहकाऱ्यांचा खरा आक्षेप, जो पैशाच्या आडून ते मांडत होते. ते म्हणतात, साहित्याचा विभाग म्हणजे रोजगार केंद्र नव्हे. मुलांना वाक्य वाचायला शिकवणं हे आमचं काम, कारखान्यांना माणसं पुरवणं नव्हे. मला हे अर्धं पटतं. उरलेलं अर्धं का पटत नाही ते एका कागदावरून सांगते.

जर्मनीत काम सोडताना मालकाकडून प्रशस्तिपत्र मागण्याचा हक्क असतो, आर्बाइट्सत्सॉयग्निस. इंटर्नलाही ते बहुधा मिळतं. कायदा म्हणतो की त्यातली भाषा स्पष्ट हवी, वरवरच्या अर्थापलीकडचं काही सांगणारी खूण त्यात नको. न्यायालयं म्हणतात, ते माणसाच्या पुढच्या वाटचालीला मारक नको, त्याचा सूर सद्भावनेचा हवा. या दोन्ही अपेक्षांच्या मधून एक अजब गद्य जन्माला आलं, ज्यात सगळंच कौतुक असतं आणि तरी मालक त्याला म्हणायचं ते म्हणून घेतो. 'त्यांनी प्रयत्न केला' असं लिहिलं, तर अर्थ असा की जमलं काही नाही. 'आमच्या पूर्ण समाधानाइतकं काम केलं' हे ऐकायला छान, प्रत्यक्षात जेमतेम मधला शेरा, शाळेतला तीन. जर्मनीत एक सर्वोत्तम आणि सहा नापास. त्यात 'सतत', म्हणजे 'श्टेट्स', हा शब्द आला की दोन. आणि 'पूर्ण' या शब्दाला तमभाव लावला, म्हणजे 'फोलन'चं 'फोल्स्टन' केलं, की एक. 'पूर्ण'चं 'पूर्णतम' होत नाही, व्याकरणाचे मास्तर त्यावर लाल रेघ मारतील, पण नोकरी त्याच चुकीवर मिळते. हा कोर्टकचेरीचा विषय आहे. जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०१४ ला निकाल दिला की 'पूर्ण समाधान' हाच मधला दर्जा धरायचा, आणि ज्याला त्याहून चांगला शेरा हवा त्याने तो आपणच सिद्ध करावा.

आता सांगा, हा कागद कुणी वाचायचा? जो क्रियाविशेषण कुठे आलं आणि कुठे गाळलं याकडे बघायला शिकलाय, त्याने. म्हणजे आमच्या सहकाऱ्यांच्याच वर्गात बसलेल्याने. साहित्याचं वाचन आणि कामाची जागा यांत भिंत आहे असं मला वाटत नाही, आम्हीच ती बांधून ठेवलीय.

माझी एक विद्यार्थिनी श्वाबेन भागातल्या एका छोट्या यंत्र कंपनीत पाच महिने होती. पॅकिंगची यंत्रं. पहिला महिना रडत फोन करायची, कारण कारखान्यात पुस्तकातली जर्मन कुणी बोलतच नव्हतं. शेवटी तिने त्यांच्या दुरुस्ती पुस्तिकेतल्या चुकांची चाळीस पानांची यादी करून दिली. यंत्राने केलेल्या भाषांतरात 'घट्ट करा' आणि 'सैल करा' यांची दोन ठिकाणी अदलाबदल झाली होती, ती तिनेच पकडली. परत आल्यावर तिने मला प्रशस्तिपत्र दाखवलं. भरघोस होतं. मी म्हटलं, वा! ती म्हणाली, "मॅडम, नीट वाचा ना. 'श्टेट्स त्सु उन्झरर फोलन.' 'स्ट' कुठेय?"

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीत फोन लावला आणि ते 'स्ट' मागितलं. आठवड्याने नवा कागद आला.